किळसबंदी

डाळीत माशी पडली होती. सुजलनं ती बोटानं काढली, ताटाच्या कडेला पुसली, बोट चाटलं आणि पुढचा घास घेतला. समोर त्याची बायको ईश्वरी आणि आठ वर्षांची जुई जेवायला बसल्या होत्या. जुईनं चावलेला घास तोंडातून काढून ताटात ठेवला. सुजलनं तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

"अन्न टाकू नये, बाळा," तो मायेनं म्हणाला. "आज शाळेत काय शिकवलं?"

ईश्वरीनं आपलं ताट बाजूला सारलं. घाटाच्या पायथ्याला ट्रकच्या तळाशेजारी तिची स्वतःची खानावळ होती. तिथं डाळीत माशी निघाली असती, तर तिनं अख्खं पातेलं ओतून दिलं असतं आणि आठवडाभर स्वतःला बोल लावला असता. घरात मात्र तिनं बोलणं सोडून दिलं होतं. बोलून बोलून तिचं तोंड दुखायचं आणि सुजल शांतपणे म्हणायचा, "माशीच होती की. काढली ना."

आता हा सुजल पिसाळ काही जन्माचा गलिच्छ नव्हता. लग्न झालं तेव्हा त्याच्या टापटिपीचा ईश्वरीला जाच व्हायचा. पाहुण्यांकडं पाण्याचा पेला उजेडाकडं धरून बघणारा माणूस होता तो, आणि सासुरवाडीत त्यावरून त्याची यथेच्छ टिंगल व्हायची. त्याला असा केला विज्ञानानं. आणि गंमत अशी, की तसं करून घ्यायला त्याला भरीला घातलं ते ईश्वरीनंच.

सुजल सोनजाई घाटाच्या बचाव पथकात होता. रस्ते तोवर हुशार झाले होते, ट्रक आपले आपण चालत होते आणि अपघात पूर्वीच्या मानानं मोजकेच उरले होते. पण दरी होती तेवढीच खोल राहिली होती, आणि वरून खाली गेलेलं माणसानंच वर आणायला लागायचं. त्या कामाला सरकारला अजून यंत्र सापडलं नव्हतं. दोरावरून उतरायचं, झुडपातून, ओढ्यातून, कधी चार-चार दिवस ऊन खाल्लेलं जे मिळेल ते गोळा करायचं, पिशवीत घालायचं, चेन लावायची आणि पाठीवर घेऊन चढायचं.

त्या दिवसांत पथकातल्या घरांमध्ये एक रीत होती. मढं काढून आलेला माणूस थेट घरात शिरत नसे. गल्लीच्या तोंडाशी थांबून तो "पाणी ठेव" म्हणून हाक द्यायचा. मग बायकोनं मागच्या दारी कढत पाणी ठेवायचं, त्यात कडुनिंबाचे डहाळे टाकायचे, चार पानं चावायला द्यायची आणि त्याची अंघोळ होईपर्यंत त्याला शिवायचं नाही, काही विचारायचं नाही. हाकेवरूनच ईश्वरीला सगळं कळायचं. हाक बारीक आली, की खाली लहान मूल होतं हेही कळायचं.

मग एका उन्हाळ्यात दरीत एक जीप सापडली. ती केव्हा पडली होती ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आतल्यांची चौकशी कुणी केली नव्हती. त्यानंतर सुजल भात बघितला की ताटावरून उठायला लागला. का, ते त्यानं ईश्वरीला एकदाच सांगितलं, आणि पुढं बरेच दिवस त्या घरात भात शिजला नाही. तो बसल्या जागी तळहात नाकाशी नेऊन हुंगायचा. जुईला उचलून घ्यायचा नाही. "लागेल तिला," म्हणायचा, पण काय लागेल ते सांगायचा नाही. पोरगी बापाच्या मागं मागं फिरायची आणि बाप हात पाठीशी बांधून घरभर हिंडायचा.

त्याच सुमाराला डॉक्टर केतकी ओगले गावात आल्या. मानसशास्त्राच्या संशोधक, साधी कॉटनची साडी, बोलणं समजावून सांगणाऱ्या मास्तरणीसारखं. आग विझवणारे, रुग्णवाहिकेवरचे, दरीत उतरणारे अशा लोकांमध्ये त्यांनी कित्येक वर्षं काढली होती. कोण मोडतो, कोण टिकतो आणि का, हा त्यांचा विषय. दुपारी खानावळ रिकामी झाल्यावर त्या ईश्वरीसमोर बसल्या.

"लोकांना वाटतं, असल्या कामानं माणूस भीतीनं मोडतो," त्या म्हणाल्या. "आम्हालाही तसंच वाटायचं. पण भीती हळूहळू उतरते. माणूस रोज दोराला लटकला की दोराची सवय होते. किळसेची सवय होत नाही. ती चिकटते. तुमचे मिस्टर घाबरलेले नाहीत, त्यांना स्वतःच्या हातांची किळस येतीय."

"मग त्याला औषध काय?"

"मेंदूत, कानाच्या वरच्या अंगाला पण खोल आत, एक घडी असते. आम्ही तिला बेट म्हणतो. नासकं दूध तोंडात गेलं की आपण विचार न करता थुंकतो ना? तो त्या बेटाचा हुकूम. ते बेट झोपवायचं. कानामागं कातडीखाली नखाएवढी चकती बसवतो. ती बारीक ध्वनिलहरी सोडते, आपल्याला ऐकूही येत नाहीत. बेट झोपलं की किळस येत नाही. बाकी सगळं जिथल्या तिथं. माया, राग, अगदी भीतीसुद्धा. भीती नाही ठेवली तर दोरावर निष्काळजी होतील."

"आणि नको झालं तर?"

"आमच्याकडं बटण आहे. बंद करायचं."

शास्त्रातलं नाव होतं घृणाशमन. गावानं नसबंदीच्या चालीवर त्याला किळसबंदी म्हणायला सुरुवात केली. चावडीवर टवाळी झाली, बायकांनी तोंडाला पदर लावले, पण पथकातल्या एकेकानं ती करून घेतली. सुजल शेवटपर्यंत का-कू करत होता. ईश्वरीनं त्याला गळ घातली, जुईची शपथ घातली, आणि स्वतः बरोबर जाऊन चकती बसवून आणली. घरी आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर जुईला उचलून खांद्यावर घेतलं. ईश्वरी मोरीत जाऊन रडली.

ओगलेबाई लोकांचा चिवटपणा मोजत. त्याला त्यांच्याकडं शंभरपैकी अंक होता. सोनजाईच्या पथकाचा अंक राज्यात पहिला आला. रजा बंद झाल्या, दारू बंद झाली, माणसं गाढ झोपायला लागली. मंत्र्यांच्या हस्ते शाली मिळाल्या. शिळी पोळीही चिवटच होते, हा विचार ईश्वरीच्या मनात बऱ्याच उशिरा आला.

आधी "पाणी ठेव"ची हाक बंद झाली. सुजल त्याच कपड्यांनी घरात यायचा आणि खाटेवर टेकायचा. मग घरातला एकेक आडपडदा गळून पडला. कुत्र्यानं ओकलेलं हातानं भरायचा आणि त्याच हातानं कणकेचा गोळा मोडायचा. सांगितलं की हात धुवायचाही, तक्रार न करता, लहान मुलासारखा. पण सांगायला लागायचं, रोज, प्रत्येक वेळी. आणि कामाच्या गोष्टी, ज्या तो पूर्वी मेला तरी बोलला नसता, त्या आता जेवताना निघायच्या.

"आजचं जुनं होतं," तो भाकरी मोडत सांगायचा. "हाताला धरून ओढलं तर कातडी मोज्यासारखी निघून आली. जरा लोणचं वाढ."

ईश्वरी लोणचं वाढायची. तिला शिसारी यायची ती नुसती मढ्याची नाही. मोजा आणि लोणचं ज्या एकाच सुरात यायचं, त्या सुराची यायची. हा माणूस चांगला होता, कष्टाळू होता, पोरीवर जीव टाकत होता, आणि त्याच्या शेजारी बसून तिला घास गिळवत नव्हता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगणार काय, नवरा बरा झाला म्हणून?

डॉक्टर ओगले अधूनमधून तपासणीला येत. एकदा त्यांनी खानावळीतच सुजलसमोर चेहऱ्यांचे फोटो धरले.

"हा?"

"रडतोय."

"हा?"

"तापलाय. कुणाला तरी मारणार आता."

मग एका बाईचा फोटो आला. नाक आक्रसलेलं, वरचा ओठ एका बाजूनं उचललेला, डोळे बारीक. टेबलं पुसणाऱ्या ईश्वरीनं लांबूनच ओळखला. सुजलनं मान वाकडी करून बराच वेळ बघितला.

"ही उन्हात उभी असंल," तो म्हणाला.

ईश्वरीला हसू आलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला समजावलं, की ज्याला किळस येत नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडावरची किळसही वाचता येत नाही. वाचायलाही तेच बेट लागतं. चेहरा दिसतो, लक्षातही राहतो, फक्त त्याचा अर्थ लागत नाही. "काळजी करू नका, निरुपद्रवी आहे," असं म्हणून त्या पुढच्या माणसाकडं वळल्या.

काळजी कसली, ईश्वरीला सुटल्यासारखं झालं. तोवर ती तोंड आवरून धरत होती. नवऱ्याच्या मनाला लागू नये म्हणून मान खाली घालायची, पदर नाकाशी न्यायची, खोकल्याचं निमित्त करायची. त्याला कळतच नाही म्हटल्यावर हा आटापिटा कशासाठी? दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंड मोकळं सोडलं. तो जेवायला बसला की त्याच्याकडं सरळ बघून ती नाक मुरडायची, ओठ उचलायची. अंथरुणात त्यानं जवळ ओढलं, की डोळे उघडे ठेवून, त्याच्या तोंडासमोर तोंड धरून, तसाच चेहरा करून पडून राहायची.

"दमलीस का?" तो विचारायचा.

"हो," ती म्हणायची.

खरं सांगायचं तर त्यात तिला थोडी मजाही वाटायला लागली होती. समोरच्याला शिव्या घालाव्यात आणि त्यानं आभार मानावेत, तसली मजा. जुई आईचं बघून शिकली. बाप पापा घ्यायला वाकला की पोरगी अगदी आईसारखा ओठ उचलायची, आणि बाप हसून तिचा गाल ओढायचा.

अशी दोन वर्षं गेली. मग घाटात निवृत्त शिक्षकांच्या सहलीची बस कोसळली.

त्या संध्याकाळी सुजल उशिरानं आला, ताटावर बसला आणि चटणी घेता घेता म्हणाला, "आज एक चूक झाली. एक बाई जिवंत होती, मी पिशवीत घातली."

ईश्वरीच्या हातातला तवा तसाच राहिला. "म्हणजे?"

"यंत्रावर नाडी दिसली नाही. हात चेंगरला होता तिचा, गार पडला होता. शवागारात पिशव्या उतरवताना एकीत आतून नखं घासल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं त्यांना."

"तिचे डोळे मिटलेले होते का?"

"उघडे होते. मेल्यावरही उघडे असतात गं पुष्कळांचे." त्यानं घास चावून गिळला. "वाईट झालं. पण वाचंल म्हणतात. केस मी नीट आत घेतले होते तिचे. चेनीत अडकतात."

ईश्वरी मागच्या दारी गेली आणि तिला भडभडून ओकारी झाली. आतून सुजलची काळजीची हाक आली, "काय बाधलं का? ओवा देऊ?"

दुसऱ्या दिवशी ती मऊ भाताचा डबा घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. वैशाली कुलथे नावाच्या बाई होत्या, पासष्टीच्या पुढच्या. एक हात पट्ट्यांत, चेहरा सुजलेला. ईश्वरीनं आपण कोण ते सांगितलं आणि मान खाली घालून उभी राहिली. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यानं हातमोजा काढून माझ्या गालावर हात ठेवला," त्या सावकाश म्हणाल्या. "मला वाटलं, आला कुणीतरी, सुटले मी. मी त्याच्याकडं बघत होते. ओठ हलत नव्हते माझे, पण बघत होते. तोही बघत होता. किती हळुवार केस गोळा केले त्यानं माझे. माझ्या आईनं तेवढ्या मायेनं वेणी घातली नसंल. मग वर चेन ओढली."

त्यांनी नजर छताकडं वळवली.

"जन्मभर वर्गात उभी राहिले, चेहरे वाचायची सवय आहे मला. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं हो. मी मेलेली असते तरी तेच तोंड, जिवंत असते तरी तेच."

चौकशी झाली. दोष नाडीच्या यंत्रावर गेला आणि यंत्रं बदलून मिळाली. पण ओगलेबाईंना ते पटलं नव्हतं. पथकातल्या एकेकाशी बोलून त्या खानावळीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"पथकाची एक जुनी सवय होती," त्या म्हणाल्या. "नियमात कुठं नाही. चेन लावायच्या आधी हातमोजा काढायचा आणि उघडा तळवा गालावर ठेवायचा. मेलेल्या शरीराला हात लागला की तो आपोआप मागं येतो. कितीही सराव असू दे, येतोच. हात मागं नाही आला, तर चेन लावायची नाही, पुन्हा बघायचं. हे ते एकमेकांना सांगतही नसत. बघून बघून शिकत."

"मग?"

"चकती बसवल्यावर कुणाचाच हात मागं येईना. पहिले काही दिवस तर ही मंडळी मढी जिवंत म्हणून दवाखान्यात आणत होती. डॉक्टर लोक खेकसले त्यांच्यावर. मग त्यांनी ठरवलं, हाताचं ऐकायचं नाही, यंत्राचं ऐकायचं. तळवा ठेवायची सवय तेवढी राहिली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "कुलथेबाईंच्या गालावरून त्याचा हात मागं आला नाही. पूर्वी एवढ्यावरच त्या वाचल्या असत्या."

"त्याला त्याचं काही वाटतंय का?"

"वाईट वाटतंय. मी खोदून विचारलं. पण स्वतःची किळस येत नाही त्यांना. तीसुद्धा त्याच बेटावरची गोष्ट आहे."

"बंद करा ती चकती," ईश्वरी म्हणाली.

"थांबा. ते एवढं सोपं नाही." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "आठवणी सगळ्या साठलेल्या आहेत. फोटो काढून ठेवलेत म्हणा, फक्त वास भरायचा राहिलाय. बेट जागं झालं की तो इतक्या वर्षांचा वास एकदम भरणार. प्रत्येक मढ्याचा. दुसऱ्या जिल्ह्यात दोघांची चकती बंद केली आम्ही. एक जण आता बरा आहे. दुसरा अजून हातमोजे काढत नाही, अंघोळीलासुद्धा."

सुजल शेजारच्याच टेबलावर गिऱ्हाइकाच्या ताटात उरलेली उसळ संपवत होता. दोघींनी त्याच्याकडं बघितलं.

"मला काय, दोन्ही सारखंच," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

ईश्वरीनं विचार केला नाही असं नाही. पण त्या विचारात कुलथेबाईंचे केस होते, लोणचं होतं, माशी होती. ह्या माणसानं एकदा तरी भडभडून ओकावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्यात माया किती आणि सूड किती, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

"बंद करा," ती पुन्हा म्हणाली.

पुढचे दिवस मोरीच्या दाराशी गेले. सुजल आत आणि ईश्वरी बाहेर जमिनीवर. तो ओकायचा, हात घासायचा, पुन्हा ओकायचा. अंगणातल्या कडुनिंबाच्या खालच्या फांद्या उघड्या पडल्या. घासून घासून त्याच्या हातांची सालं निघाली, मग ईश्वरीनं साबण लपवून ठेवला. तो एकेक मढं नाव नसताना ओळखून सांगायचा. तो ओढ्यातला, ती झाडाला अडकलेली, तो मोजा. ईश्वरीनं सगळं ऐकलं. आता तो हे ज्या आवाजात सांगत होता, त्या आवाजाची तिला मुळीच शिसारी आली नाही. उलट किती दिवसांनी नवरा घरात आल्यासारखं तिला वाटलं. पथकातले लोक येऊन त्याच्याजवळ बसायला लागले. त्यांच्यातल्याही काहींनी चकत्या बंद करून घेतल्या. सुजल कुलथेबाईंकडं गेला, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उठेना. बाईंनीच शेवटी त्याला चहा घे म्हटलं.

हळूहळू तो माणसात आला आणि पुन्हा घाटात उतरायला लागला. एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी हाक आली, "पाणी ठेव." ईश्वरीनं गॅसवर पातेलं चढवलं आणि ती डोळे पुसत कडुनिंबाकडं धावली. त्या दिवशी त्याचा तळवा कुणाच्या तरी गालावरून झटकन मागं आला होता, आणि तरीही त्यानं काम पुरं केलं होतं.

फक्त एक गोष्ट जागेवर येत नव्हती. सुजल भिंतीकडं तोंड करून जेवायचा. ताट घ्यायचा, पाठ फिरवायचा आणि खाली मान घालून चार घास उरकायचा. ईश्वरीनं भात बंद केला, डाळ गाळून बघितली, ताटं बदलली. अंथरुणातही तो कूस बदलून झोपायचा. हातांची किळस अजून गेली नसेल, असं ती मनाशी म्हणायची. जुईनं विचारलं, "बाबा तिकडं तोंड करून का जेवतात?" त्यावर तिनं पोरीला गप्प केलं.

शेवटी एकदा मागच्या दारी त्याच्या हातावर पाणी ओतताना तिनं विचारलंच. "अजून दिसतात का रे ती?"

"मढी? त्यांचं होतंय ठीक," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला वास येणारच. त्यात त्याचा काय दोष?"

"मग असा का करतोस?"

त्यानं हातावरचं पाणी निथळू दिलं. "तुझं तोंड आठवतं," तो म्हणाला.

कुठलं, हे विचारायची ईश्वरीला गरज नव्हती.

"जेवतानाचं. अंथरुणातलं. दोन वर्षांतलं रोजचं. तेव्हा मला वाटायचं तू दमलीस. मी तुझे पाय दाबून द्यायचो, आठवतं? आता कळतं ते काय होतं." त्याचा आवाज बारीक झाला, पूर्वी हाक बारीक यायची तसा. "जुईचंही आठवतं."

"आता मी तसं बघते का तुझ्याकडं?"

"नाही. पण तोंड तेच आहे ना."

ईश्वरीच्या हातातला तांब्या रिकामा झाला होता. तिला आपल्या चेहऱ्याचं काय करावं ते सुचेना. तो कुठं ठेवावा, कसा धरावा, काही कळेना.

"ओगलेबाईंना विचार," सुजल पाठमोरा होत म्हणाला. "घाटात जाताना चकती बंद पाहिजे. पण घरी आलं की चालू करता येईल का? जेवण्यापुरती. म्हणजे तुझ्याकडं बघता येईल." मग हात पुसत म्हणाला, "तू म्हणशील तसं."

ईश्वरीनं डॉक्टर केतकी ओगलेंना फोनवर विचारलं. त्यांच्या आवाजात नको तेवढा उत्साह आला. "घरगुती वापर," त्या म्हणाल्या. "आम्ही ह्या अंगानं विचारच केला नव्हता." आठवडाभरात त्यांनी गाडीच्या किल्लीएवढं एक बटण पाठवून दिलं. ते कुणी दाबायचं, ह्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सुजलनं ते ईश्वरीच्या हातात ठेवलं.

त्या संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हाक आली. ईश्वरीनं पाणी ठेवलं, पाला टाकला, पानं दिली. सुजलनं अंघोळ केली, ताट घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला. जुईनं आईकडं बघितलं. ईश्वरीनं पदराखाली बटण दाबलं.

सुजलची पाठ सैल पडली. त्यानं ताट उचललं, गिरकी घेऊन त्यांच्याकडं तोंड केलं आणि मोकळं हसला. किती दिवसांनी तो तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होता. डाळ मनगटावर ओघळली ती त्यानं चाटून घेतली, आणि आज दरीत काय सापडलं ते सांगायला लागला.

ईश्वरीला किळस आली. ती त्या ओघळाची नव्हती, दरीतल्या गोष्टीची तर नव्हतीच. मुठीत घट्ट धरलेल्या त्या बटणाची आली, ते दाबणाऱ्या आपल्या बोटाची आली, आणि ह्या हसऱ्या, समाधानी जेवणाची आली. नाक आक्रसलं, ओठ एका बाजूनं वर जायला लागला. सकाळी घाटात जाताना चकती बंद होणार होती, आणि मग आजचं हे तोंडही त्याला आठवणार होतं. तिनं ओठ दातांखाली धरला, मान खाली घातली, सगळा जीव लावून चेहरा सारखा करायला बघितला. चेहरा ऐकेना.

सुजल घास हातात धरून तिच्याकडं निरखून बघत होता.

"दमलीस का?" त्यानं प्रेमानं विचारलं.